नवं ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी एसएमपीएस कसा तपासावा

ग्राफिक्स कार्ड घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानदार हमखास विचारतो, "एसएमपीएस किती वॅटचा आहे?" आपण म्हणतो, "साडेचारशेचा." तेवढ्यावर "चालेल" किंवा "बदलावा लागेल" असा निकाल लागतो. एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, म्हणजेच पॉवर सप्लाय. त्या एका आकड्यावर हा निकाल देऊ नये. साडेचारशे वॅट छापलेला एक एसएमपीएस जे कार्ड वर्षानुवर्षं निमूट चालवेल, त्याच कार्डापुढे साडेचारशेच छापलेला दुसरा पहिल्याच गेममध्ये बंद पडेल. फरक कळतो तो बाजूला चिकटवलेल्या लेबलवर. ते वाचायला शिकलात, तर खर्च कुठे करायचा आणि कुठे टाळायचा हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

पायरी १ : खरी गरज किती, ते मांडा

कंपनीच्या संकेतस्थळावर कार्डाच्या पानावर दोन आकडे असतात. एक कार्ड स्वतः किती वॅट घेतं तो आणि दुसरा किती वॅटचा सप्लाय सुचवला आहे तो. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० कार्ड स्वतः ११५ वॅट घेतं, पण सुचवलेला सप्लाय ५५० वॅटचा आहे. समोरच्याचा प्रोसेसर किती खाणारा आहे आणि सप्लाय किती जुना आहे हे कंपनीला माहीत नसतं, म्हणून ती हात राखून सांगते. तुम्हाला तुमचं मशीन माहीत आहे, तेव्हा बेरीज स्वतः करा.

प्रोसेसरसाठी खोक्यावरचा ६५ वॅटचा आकडा धरू नका. कोअर आय५-१२४०० वर ६५ लिहिलेलं असलं, तरी पूर्ण जोरात तो ११७ वॅटपर्यंत जातो. इंटेलच्या पानावर हा आकडा कमाल टर्बो पॉवर म्हणून दिलेला असतो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे यांचे मिळून साठ वॅट धरले तर पुष्कळ झाले. ११५ अधिक ११७ अधिक ६० म्हणजे २९२. त्यावर एक तृतीयांश राखीव धरा, की साधारण ३९० होतात. म्हणजे चांगल्या प्रतीचा ४५० वॅटचा सप्लाय इथे पुरतो. तोच प्रोसेसर ठेवून २५० वॅटचं आरटीएक्स ५०७० घेतलंत, तर हाच हिशेब ५७० च्या घरात जातो. तिथे कंपनी सांगते तो ६५० वॅटचाच घ्यावा.

राखीव हवाच, कारण कार्डाची मागणी सपाट नसते. काही मिलिसेकंदांसाठी ती छापील आकड्याच्या बरीच वर उसळते. या उसळ्या झेलण्याची अट २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या सप्लायच्या मानकात घातली गेली. जुन्या सप्लायच्या बाबतीत ही काळजी आपणच घ्यायची.

पायरी २ : लेबलवरची १२ व्होल्टची ओळ वाचा

संकेतस्थळ, बिल आणि खोकं बाजूला ठेवा. कॉम्प्युटर बंद करा, भिंतीतली पिन काढा, कॅबिनेटचं झाकण उघडा आणि टॉर्च लावून लेबलचा फोटो काढा. एसएमपीएसचा स्वतःचा डबा मात्र कधीही उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये पिन काढल्यावरही तीनशेहून अधिक व्होल्ट काही काळ साठून राहू शकतात.

लेबलवर ३.३, ५ आणि १२ व्होल्ट असे रकाने आणि त्यांखाली अँपिअर दिसतील. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात. पेंटियम ४ च्या काळात, २००० च्या सुमाराला, प्रोसेसरची वीज ५ व्होल्टवरून १२ वर सरकायला लागली आणि तेव्हापासून हाच रकाना निर्णायक ठरला. १२ ला अँपिअरने गुणा. ३६ अँपिअर असतील तर ४३२ वॅट मिळतात, म्हणजे ४५० चा दावा प्रामाणिक आहे. पण समजा तिथे १८ अँपिअरच आहेत. मग हाती २१६ वॅट येतात आणि आपल्या उदाहरणातलं कार्ड व प्रोसेसर मिळूनच २३२ मागतात. उरलेले वॅट ज्या ५ आणि ३.३ व्होल्टवर मांडलेत, तिथे मागणारं फारसं कोणी नाही. कॅबिनेटसोबत आलेल्या स्वस्त एसएमपीएसमध्ये हे फार दिसतं.

१२ व्होल्टचे दोन रकाने असतील तर त्यांचे अँपिअर सरळ मिळवू नका. दोन्हींची मिळून मर्यादा किती, ते खाली वेगळं दिलेलं असतं. तोच आकडा खरा.

८० प्लस ब्राँझ किंवा गोल्ड हा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, ताकद सांगत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पूर्ण वॅट किती तापमानाला मिळतात. काही कंपन्या ४० अंशांना मोजतात, काही ५० ला. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात खोलीच ४० च्या पुढे जाते आणि कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त असतं. तिकडच्या वाचकांनी ५० अंशांचाच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

पायरी ३ : जोडण्या मोजा

मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला ७५ वॅटपर्यंत देतो. त्यावर ६ पिनची जोडणी ७५ वॅट देते, ८ पिनची १५०, आणि नवी १६ पिनची ६०० पर्यंत. कार्डाला हवी ती जोडणी तुमच्या एसएमपीएसमधून मुळातच येते का, ते बघा. येत नसेल, तर तो त्या कार्डासाठी बनलेला नाही असंच बहुतेक वेळा समजावं.

हार्ड डिस्कच्या साटा केबलवरून ६ पिन काढणारा अडॅप्टर स्वस्तात मिळतो. तो घेऊ नका. साटाची जोडणी १२ व्होल्टवर ५४ वॅटपर्यंतच झेपवते आणि ६ पिन ७५ मागू शकते. प्लास्टिक वितळतं, कधी पेटही घेतं. दुसऱ्या कंपनीची मॉड्युलर, म्हणजे एसएमपीएसपासून सुटी होणारी, केबलसुद्धा वापरू नका. कार्डाकडचं टोक सारखं दिसलं तरी एसएमपीएसकडच्या पिनांची मांडणी वेगळी असू शकते आणि कार्ड जळू शकतं.

ऑफिसातून निघालेला रिफर्बिश्ड पीसी असेल तर आणखी एक अडचण येते. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ९०२० टॉवरमध्ये २९० वॅटचा सप्लाय असतो आणि मदरबोर्डची जोडणी नेहमीच्या २४ पिनची नसून ८ पिनची असते. बाजारातला साधा एसएमपीएस तिथे थेट बसत नाही. अशा मशीनसाठी फक्त स्लॉटवर चालणारं कार्ड शोधावं. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल ७० वॅटचं आहे आणि त्याच्या बऱ्याच आवृत्त्यांना वेगळी केबल लागत नाही.

पायरी ४ : लावल्यावर तपासा

जड गेम अर्धा तास चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये कार्ड किती वॅट घेतंय ते बघत राहा. सप्लाय कमी पडत असेल तर विंडोजचा बिघाड दाखवणारा निळा पडदा न येता मशीन एकदम बंद होतं किंवा आपोआप रीस्टार्ट होतं, आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद सापडते. नवा एसएमपीएस येईपर्यंत एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममधून कार्डाची पॉवर लिमिट ऐंशी टक्क्यांवर आणा. वेग थोडाच कमी होतो.

यूपीएस असेल तर त्याचाही हिशेब करा. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो आणि मॉनिटरही त्याच्यावरच असतो. गेम चालू असताना वीज गेली आणि भार त्याच्या वर असेल, तर बॅटरी भरलेली असूनही तो मशीन बंद करेल.