बारा जणांची व्हेज चिली (राजमा-टोमॅटोचा दाट, तिखट रस्सा): राजमा कडक राहिला तर

750 ग्रॅम राजमा रात्रभर भिजवून, पाणी बदलून, आधी पूर्ण मऊ शिजवा. दीड किलो टोमॅटो त्यानंतरच. आंबट रसात साल मऊ पडत नाही, मग तासभर उकळूनही दाणा कडकच. तसं झालंच, तर चिमूटभर खायचा सोडा आणि मंद आच. माझं भांडं यानेच सुधारलं. सोडा जास्त झाला की साबणासारखी चव येते.

स्लो कुकर (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) वापरणार असाल तर राजमा आधी किमान 10 मिनिटं खळखळून उकळाच. त्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन मंद आचेवर जात नाही.

चिली पातळ वाटली तर दोन वाट्या राजमा ठेचून परत घाला, कॉर्नफ्लोअर अजिबात नको. जिरेपूड, तिखट कांद्याबरोबर तेलात परता.