ऑफिस सोडून प्लंबिंग: सुरुवात कशी करावी

राजीनाम्याची घाई नको. आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा आणि शनिवार-रविवारी एखाद्या जाणत्या प्लंबरच्या हाताखाली काम करा. आयटीआयचा प्लंबर कोर्स एक वर्षाचा आहे, पण हात बसतो तो साइटवरच. वायरिंगला परवाना लागतो, म्हणून सुरुवात नळापासून करणं सोपं.

हत्यारं मोजकीच घ्या: १४ इंची पाइप रेंच, स्क्रू पाना, हॅक्सॉ, मेजरटेप, टेफ्लॉन टेप.

नवख्याचं काम गळतं ते बहुधा दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे आटे. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनेच, म्हणजे पाइपचं टोक स्वतःकडे धरून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, ताणून गुंडाळा. उलटी गुंडाळली तर फिटिंग आवळताना ती सुटते. प्लॅस्टिक फिटिंगवर रेंचचा जोर लावला की तडा गेलाच! दुसरं, सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम-थंड पाण्याच्या प्लॅस्टिक पाइपचा जोड. पाइप काटकोनात कापा, कडेचा कीस काढा, पुसून कोरडा करा, मग सोल्व्हंट (पाइप चिकटवायचं द्रावण) लावून पाव फेरा देत फिटिंगच्या आत सारा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. लगेच सोडला तर पाइप मागे सरकतो. पाणी कधी सोडायचं ते सोल्व्हंटच्या डब्यावर लिहिलेलं असतं; ग्राहक कितीही घाई करो, तेवढं थांबाच.

दर आधी सांगा, सामानाची पावती वेगळी द्या.