सोयाबीनचं वैविध्य मोजताना या चुका टाळा

सोळा पिशव्या, प्रत्येकीवर चिठ्ठी: लातूर, वाशिम, अकोला, हिंगोली... "सर, सोळा ठिकाणचे सोळा वाण," विद्यार्थी खुशीत. त्याला लगेच पानं खुडून डीएनए तपासणीला पाठवायची होती. मी म्हटलं, आधी एकेक ओळ पेर आणि रोज सकाळी बघायला ये. तोंड वाकडं करून पेरलं. फुलं आली तेव्हा अकरा ओळी जांभळ्या. पुढे त्याच अकरांना लव नसलेल्या शेंगा, दाण्याची नाभी, म्हणजे शेंगेला जोडलेल्या जागेचा डाग, काळी. १९९४ साली जबलपूरहून आलेलं जेएस ३३५ हे एकच वाण! घरचं बियाणं पाहुण्यांकडून पाहुण्यांकडे जातं, वाटेत नाव बदलतं. गाव बदललं म्हणून वाण बदलत नाही. तपासणीतही तेच निघालं असतं, फक्त पैसे भरून.

नावं खरोखर वेगळी असली तरी हुरळून जाऊ नका. आपल्या कितीतरी वाणांच्या वंशावळीत अमेरिकेतून आलेलं ब्रॅग हे वाण कुठेतरी बसलेलं असतं. संकराची जोडी ठरवण्याआधी मी दोघांचे आजी-आजोबा वहीत मांडतो. सोयरीक जुळवताना विचारतो, मग इथे का नाही? वेगळं रक्त हवं तर माळव्यातलं काळं कालितूर किंवा कुमाऊंचं भट बघा. दाणा बारीक म्हणून त्यांना नाकं मुरडणारे मला भेटतात, पण साठवणीत कालितूरची उगवण टिकते तशी आपल्या पिवळ्या वाणांची टिकत नाही.

थंड देशातलं लवकरचं वाण आपल्याकडे महिन्याभरात फुलतं आणि वीत-दीड वीत उंचीवर थांबतं. नवखा लगेच लिहितो, 'निरुपयोगी'. अरे, त्याला पंधरा तासांच्या दिवसाची सवय, आपला खरिपातला दिवस तेराच्या आसपास! मी असं बियाणं दहा-दहा दिवसांच्या अंतरानं तीनदा पेरतो, म्हणजे एखादी पेरणी तरी स्थानिक वाणाबरोबर फुलते आणि संकर करता येतो.

एका हंगामाच्या आकड्यांवर वाणांचे गट पाडू नका.

संकर करताना आई पांढऱ्या फुलाची, बाप जांभळ्याचा. जांभळा रंग वरचढ असतो, त्यामुळे खऱ्या संकराच्या रोपाचा कोवळा देठ आठवड्यातच जांभळा दिसतो. हिरवे देठ म्हणजे आईच्याच परागातून झालेली, स्वपरागाची रोपं; ती मी तिथल्या तिथे उपटतो. उलटं केलंत तर सगळीच रोपं जांभळी, आणि त्यातलं स्वपरागाचं कुठलं ते शोधत पुढचा हंगाम जातो.