सर्व्हर अनेक, कॉन्फिग एकच
एकच कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल प्रत्येक सर्व्हरवर हाताने बदलत बसलं की एखादा सर्व्हर हमखास मागे राहतो. सामाईक भाग गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) रिपॉझिटरीत, म्हणजे त्याच्या साठ्यात ठेवा, सगळीकडे पुल करा (तिथून उतरवून घ्या) आणि मूळ जागी सिमलिंक (त्या फाइलकडे नेणारा दुवा) द्या. त्या-त्या सर्व्हरपुरत्या सेटिंग्ज वेगळ्या लोकल फाइलीत लिहून इन्क्लूडने (दुसरी फाइल आत ओढणाऱ्या ओळीने) जोडा.

खरी मेख क्रमात आहे, कारण एकच सेटिंग दोन्हीकडे असली तर लोकल फाइलीतली लागू व्हायला हवी. गिटच्या स्वतःच्या कॉन्फिगमध्ये शेवटची व्हॅल्यू लागू होते, म्हणून इन्क्लूड तळाशी. एसएसएचचं (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन करायचं टूल) उलटं, हे पटकन लक्षात येत नाही: तिथे बहुतेक सेटिंग्जची पहिली सापडलेली व्हॅल्यू टिकते, तेव्हा इन्क्लूड सगळ्यात वर. इंजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये इन्क्लूडच्या पाथमध्ये फाइलनावात तारांकन (*) वापरा. मग लोकल फाइल नसली तरी एरर येत नाही.

पासवर्ड आणि प्रायव्हेट की मात्र रिपॉझिटरीत टाकू नका, रिपॉझिटरी प्रायव्हेट असली तरी.