अफूच्या पट्ट्यात अभ्यासाला उतरताना

तस्करीवर पहिलाच प्रबंध लिहिणारे बहुतेक जण गरिबीपासून सुरुवात करतात. मध्य प्रदेश-राजस्थान सीमेवरच्या मंदसौर, नीमच, चित्तोडगड, प्रतापगड या अफू पिकवणाऱ्या भागात ते गृहीतक टिकत नाही. इथे अफूचा पट्टा, म्हणजे सरकारी परवाना, ही घराण्याची प्रतिष्ठा. पट्टेदार गावातला सर्वांत गरीब माणूस सहसा नसतो.

म्हणून आधी हिशेब मांडा. केंद्रीय अर्थ मंत्रालयाचं त्या वर्षाचं परवाना धोरण मिळवा. 2022-23 च्या धोरणात बोंडांना चिरा लावून अफू काढण्याच्या परवान्यासाठी सरकारला दिलेल्या अफूत हेक्टरी सरासरी 4.2 किलो मॉर्फिन भरण्याची अट होती. पट्टा 10 आरचा धरला तर 420 ग्रॅम. अफूत मॉर्फिन 10 टक्के असेल तर 4.2 किलो अफू पुरते, 8 टक्केच निघालं तर सव्वापाच किलो लागते. हे प्रमाण शेतकऱ्याला घरी मोजता येत नाही. त्यात गारपीट, नीलगायी आणि बोंडांवर तुटून पडणारे पोपट. पट्टा जाईल ही धास्ती एकीकडे, सरकारी भाव आणि चोरबाजारातला भाव यांतली दरी दुसरीकडे. माल झिरपतो तो या दोहोंच्या मधून. (शिंदे-होळकरांच्या माळव्यातली अफू कंपनीचा मक्ता चुकवून दमणमार्गे चीनला जायची. फट जुनीच आहे.)

डोडाचुऱ्याचं, म्हणजे अफूच्या वाळलेल्या बोंडांच्या चुऱ्याचं, प्रकरण वेगळं लिहा. राजस्थानात 2016 मध्ये त्याचे ठेके बंद झाले, गिऱ्हाईक मात्र राहिलं: पंजाबात भुक्की (हाच चुरा) खाणारे ट्रकचालक आणि शेतमजूर, मारवाडात लग्नाला नि मयताला होणारी अफूची मनवार, म्हणजे पाहुण्यांना आग्रहाने अफू देणं. काल विकत घेता येणारी वस्तू आज गुन्हा ठरली की तिची ने-आण कोणाच्या हाती जाते, हा प्रश्न ‘गरिबी’पेक्षा कितीतरी उपयोगी.

आकडेवारीत नवखे हमखास फसतात. जप्तीची किलोंमधली बेरीज करू नका: कायद्याने डोडाचुऱ्याची व्यापारी मात्रा (जिच्यापुढे शिक्षा सर्वांत कडक होते ती) 50 किलो, हेरॉइनची 250 ग्रॅम. गुन्ह्यांच्या संख्येत सेवन आणि तस्करी वेगळे करा, नाहीतर सेवनाच्या खटल्यांमुळे महाराष्ट्र तस्करीचं आगर वाटू लागेल. शिवाय जप्ती वाढली म्हणजे तस्करीच वाढली असं नाही. नाकाबंदीही वाढलेली असू शकते.

गावात जायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, चिराईच्या वेळी. ‘किती माल मागे ठेवता?’ हे विचारूच नका. परवानाधारकाने अफू वळवली तर किमान 10 वर्षं कैद आहे, तुमची वहीदेखील पुरावा ठरू शकते. नावं, गट क्रमांक लिहू नका. मजुरी, कर्ज, लग्नाचा खर्च विचारा. बाकीचं लोक आपणहून बोलतात. परतताना खसखस खुशाल आणा, पण आठवण म्हणून बोंडं पिशवीत टाकू नका.