फायबर सेन्सर बसवताय? किनाऱ्यावर या चुका टाळा

पूल आणि बंदराच्या धक्क्यांवरचा ताण काचेच्या तंतूतल्या प्रकाशाने मोजणारा फायबर सेन्सर विकला जातो, तो काचेला गंज लागत नाही हे पटवून देऊनच. खोटं नाही ते. पण जोडणीच्या डब्याचे स्क्रू, क्लॅम्प, बिजागऱ्या काचेच्या नसतात, आणि रत्नागिरीकडच्या खाऱ्या वाऱ्यात त्यांची वाट लागायला एक पावसाळा पुरतो.

सगळ्यात महाग पडते ती तापमानाची चूक. १५५० नॅनोमीटरच्या ब्रॅग ग्रेटिंगची (फायबरमध्ये कोरलेली, एकच तरंगलांबी परत फिरवणारी जाळी) तरंगलांबी एका मायक्रोस्ट्रेनला (लांबीत दहा लाखांत एक भाग बदल) साधारण १.२ पिकोमीटर सरकते, तर एका अंश सेल्सियसला जवळपास १०. म्हणजे कुठलाही भार नसताना, नुसत्या एका अंशाने आठेक मायक्रोस्ट्रेन ‘दिसतात’. काँक्रीटचं प्रसरण त्यात आणखी भर घालतं. एका धक्क्यावर रोज दुपारी ताण चढायचा. ट्रकची नोंदवही काढली, तर त्या वेळी धक्का रिकामा. शेवटी ओहोटीला खाली उतरलो तेव्हा कळलं: स्ट्रेन सेन्सर उन्हात तापलेल्या स्लॅबवर आणि तापमानाचा परिणाम वजा करायला लावलेला जोडीदार सेन्सर खाली पाइल कॅपच्या (पायाच्या खांबांवरचा काँक्रीटचा ठोकळा) गार सावलीत! जोडीदार शेजारीच हवा, त्याच उन्हात, आणि नळीत सुटा. त्याला चिकटवलात तर तोही ताण मोजायला लागतो.

सिग्नल पडला की लोक आधी इंटरोगेटरवर (फायबरमध्ये प्रकाश सोडून परत आलेला वाचणारं यंत्र) संशय घेतात. आधी कनेक्टर मायक्रोस्कोपखाली बघा. सिंगल मोड फायबरचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, मिठाचा एक कण त्याला झाकून टाकतो. खिशातल्या रुमालाने पुसू नका (मीही पुसलंय, म्हणून सांगतो). हिरवा कनेक्टर निळ्यात तर अजिबात खुपसू नका. हिरव्याचं टोक ८ अंशांत तिरपं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ, त्यामुळे मध्ये फट राहते आणि प्रकाश वाया जातो.

इंटरोगेटरच्या आलेखात ग्रेटिंगचं एक शिखर दुभंगून दोन दिसत असतील, तर बऱ्याचदा क्लॅम्प जास्त आवळलेला असतो किंवा गोंद असमान बसलेला असतो. ओल्या काँक्रीटवर एपॉक्सी लावूच नका. हे काम मे संपायच्या आत उरका, नाहीतर सरळ दिवाळीनंतर घ्या.

पूल असेल तर जागा विचारपूर्वक निवडा. २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्रीचा जुना पूल पुरात गेला, हे इथं कुणी विसरलेलं नाही. पण पुराच्या पाण्याने पायाखालची माती खरवडली जात असेल, तर डेकवरचा, म्हणजे रस्त्याच्या स्लॅबवरचा, स्ट्रेन सेन्सर ते वेळेत सांगेल याचा भरवसा नाही. त्यासाठी खांबाचा कल मोजायला लागतो.

केबल डब्यात खालूनच घ्या, आधी एक झोळ सोडून. वरून घेतलीत तर पाणी तिच्यावरून घरंगळत थेट आत जातं. साध्या फायबरला ३० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा कमी वळवू नका. उंदरांसाठी चिलखती केबल.

आणि चॅनलचे नंबर मार्करने टेपवर लिहू नका. गणपतीपर्यंत एक अक्षर शिल्लक राहत नाही.