चित्र बघायला, गाणं ऐकायला बसण्याआधी: घरी शिकणाऱ्या ११ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी तयारीची यादी

कलास्वादाचा तास घरी घ्यायचा म्हटलं की पालक आधी पुस्तकं गोळा करतात. घराण्यांचा इतिहास, चित्रकारांची चरित्रं, शैलींच्या व्याख्या. हे काम यादीत सगळ्यात खाली ठेवा. या वयाच्या मुलाला माहिती आधी दिली की ते चित्रात तेवढीच शोधतं आणि सापडली की बघणं थांबवतं. खरा वेळ जातो तो निवड, छपाई, स्पीकर आणि प्रश्न यांत. पुढची कामं दहा आठवड्यांचं सत्र धरून लिहिली आहेत. आठवड्यातून चाळीस मिनिटांच्या दोन बैठका, एक बघण्याची, एक ऐकण्याची.

पहिलं काम निवडीचं. पाच चित्रं, पाच ध्वनिमुद्रणं, बस्स. प्रत्येक गोष्ट पाच आठवड्यांनी पुन्हा समोर यायला हवी. पहिल्या वेळी जे दिसलं नव्हतं ते दुसऱ्या वेळी दिसतं, आणि आपली नजर बदलली हे मुलाला स्वतःलाच कळतं. वीस-पंचवीस नावांची यादी केली तर हा दुसरा फेरा कधीच होत नाही.

चित्रांसाठी चालणारा एक संच असा: तारपा नाचाचं वारली चित्र (जिव्या सोमा मशे यांचं मिळालं तर उत्तम), अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यातला पद्मपाणी, सा. ल. हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र, वासुदेव गायतोंडे यांचं एखादं अमूर्त चित्र आणि रागमालेतलं (राग-रागिण्यांच्या चित्रसंचातलं) एक लघुचित्र. गायतोंडे शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नका, दुसऱ्याच आठवड्यात आणा. अमूर्ताची भीती मोठ्यांना असते. अकरा वर्षांचं मूल ‘यात काय आहे?’ असं एकदा विचारतं आणि मग कडांवरचे थर न्याहाळू लागतं.

ऐकण्यासाठी: पेटीच्या लेहऱ्यावरचं (पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या धुनेवरचं) तीनतालातलं तबलावादन, केसरबाई केरकरांची भैरवी, भूप आणि देशकार या रागांची जोडी, एक सनईवादन आणि टाळ-पखवाजावरचं वारकरी भजन. पाश्चात्त्य संगीत या सत्रात मुद्दाम घेतलेलं नाही. मूल कीबोर्ड किंवा व्हायोलिन शिकत असेल तर त्याला वेगळं सत्र द्या. दोन्ही एकत्र केलं की कशालाच पुरेसा वेळ मिळत नाही.

आता स्पीकर. हे काम सहसा कुणी करत नाही आणि निम्मे तास त्यामुळेच फसतात. मोबाइलच्या स्पीकरमधून खालचे, घुमणारे आवाज जवळजवळ येतच नाहीत. म्हणजे डग्ग्याची (तबलाजोडीतल्या डाव्या हाताच्या वाद्याची) घुमक आणि तंबोऱ्याचा खर्ज दोन्ही गायब. ‘मुलाला ताल कळत नाही’ ही तक्रार पुष्कळदा खरं तर ‘मुलाला डग्गा ऐकूच येत नाही’ अशी असते. तपासणी सोपी आहे. तबल्याचा संथ ठेका लावा आणि ‘धा’ व ‘ता’ वेगळे ऐकू येतात का ते बघा. ‘धा’मध्ये उजव्या हाताच्या बोलाबरोबर डग्गा वाजतो, ‘ता’मध्ये वाजत नाही. दोन्ही सारखेच ऐकू आले तर तो स्पीकर उपयोगाचा नाही. घरातला जुना म्युझिक सिस्टिमचा डबा किंवा साधे वायरचे हेडफोनही मोबाइलपेक्षा कितीतरी बरे. ब्लूटूथ स्पीकर नुसतं ऐकायला चालतो, पण व्हिडिओतल्या तबलजीचे हात बघत टाळी द्यायची असेल तर तो टाळा. त्यात आवाज किंचित उशिरा पोचतो आणि हात व बोल जुळत नाहीत.

ध्वनिमुद्रणं आदल्या दिवशी उतरवून घ्या. आलापाच्या मधोमध साबणाची जाहिरात आली की पुन्हा शांत बसायला पाच मिनिटं जातात. ॲपमध्ये एक गाणं दुसऱ्यात मिसळण्याची आणि आवाज आपोआप समान करण्याची सोय सुरू असेल तर बंद करा. पहिलीमुळे शेवटची सम (तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा) कापली जाते, आणि दुसरीमुळे एखाद्या ॲपमध्ये हळू भाग उगाच मोठा होतो. पहिल्यांदा ऐकताना फोनचा पडदा उलटा ठेवा. डोळ्यांना काही मिळालं की कान मागे पडतात.

लांबीचा हिशेब आधी करून ठेवा. मध्यलयीत मिनिटाला १२० मात्रा (तालाचे ठोके) धरल्या तर तीनतालाच्या १६ मात्रांचं एक आवर्तन ८ सेकंदांत संपतं, म्हणजे दोन मिनिटांत सम पंधरा वेळा येते. विलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालात मिनिटाला १२ मात्रा धरल्या तर एकाच आवर्तनाला पूर्ण मिनिट लागतं. मूल सातव्या मात्रेवरच खिडकीबाहेर बघू लागतं, आणि त्यात त्याची चूक नाही. म्हणून अशा संथ लयीत गायला जाणारा बडा ख्याल या सत्रात ठेवू नका. सुरुवात लहान ध्वनिमुद्रणांनी करा. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीची एक बाजू साधारण तीन-साडेतीन मिनिटांची असे, त्यामुळे गायकांना मोजक्या वेळात राग उभा करावा लागे. मुलांच्या लक्षाला हे माप बरोबर बसतं. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाईंची ती भैरवीही साडेतीन मिनिटांच्या आसपासची आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेली ती हीच. पण हे मुलांना दुसऱ्यांदा ऐकवल्यानंतर सांगा. आधी सांगितलंत तर बोलणं यानाकडे वळतं आणि भैरवी मागे राहते.

जुन्या तबकड्या लावण्यापूर्वी दोन गोष्टी बघा. उतरवताना वेग चुकलेला असेल तर सूर वर चढतो आणि गायकाचा आवाज लहान मुलासारखा पातळ लागतो. एकाच तबकडीच्या दोन-तीन प्रती ऐकून योग्य ती ठेवा. शिवाय खरखर सुईची आहे हे आधीच सांगून टाका, नाहीतर मुलं तिच्यावरच अडतात. १९०२ पासूनच्या गायिका गौहर जानच्या तबकड्यांवर शेवटी ती स्वतःचं नाव इंग्रजीत सांगते. मुलांना खरखर सोसायला लावणारं इतकं सोपं आमिष दुसरं नाही.

तालाची तयारी कागदावर करा. तीनतालाचा ठेका मोठ्या अक्षरात चार ओळींत लिहा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. टाळ्या १, ५ आणि १३ व्या मात्रेवर, ‘खाली’ (टाळीऐवजी उघडा हात) ९ व्या मात्रेवर. इथे एक खाचखळगा आहे. ९ व्या मात्रेला हात उघडा ठेवतो, पण बोल ‘धा’च असतो. डग्गा गप्प होतो तो १० पासून, आणि १४ व्या मात्रेला परत येतो. चांगला कान असलेलं मूल ‘खाली नवव्यावर ऐकू येत नाही’ असं म्हणतं. ते बरोबर आहे, त्याला चूक ठरवू नका. तोच धागा पकडा: डग्गा कधी गेला, कधी परतला, यावर बोट वर करायला सांगा. परतला की लगेच सम येते, आणि ती हेरता आली की मुलं खुर्चीत सरसावून बसतात.

भूप आणि देशकार या जोडीला वाद्य एकच हवं. दोन्ही बासरीवर किंवा दोन्ही सतारीवर. दोन्हींत स्वर तेच पाच, सा रे ग प ध. भूप गंधारावर (ग) विसावतो आणि संध्याकाळनंतरचा, तर देशकार धैवताभोवती (ध), वरच्या अंगानं फिरतो आणि सकाळचा. एक बाईंच्या आवाजात आणि दुसरा बुवांच्या आवाजात लावलात तर मुलांना फरक ऐकू येईल तो गळ्याचा. प्रत्येकी एक मिनिट पुरे. नावं सांगू नका, ‘वाजवणारा कुठल्या सुरावर जाऊन बसतो?’ एवढंच विचारा. तंबोऱ्याचं ॲप लावणार असाल तर ध्वनिमुद्रणाआधी लावा, त्याच वेळी नको. दोन्हींचा षड्ज (सा) क्वचितच जुळतो आणि कान शिणतो.

छपाईकडे वळू. ए-३ आकाराच्या छापीसाठी चित्राच्या लांब बाजूला निदान ३,५०० पिक्सेल हवेत. त्याहून लहान फाइल दुकानदार ओढून मोठी करून देतो आणि रेषा लोण्यासारख्या वितळतात. मॅट कागद घ्या. चकचकीत कागदावर ट्यूबलाइट उमटते आणि मुलं चित्राऐवजी ती टाळायला माना वाकड्या करतात. डिजिटल प्रिंटिंगच्या दुकानात रंग आपोआप ‘सुधारण्याची’ सोय बंद करायला सांगा आणि आधी एकच प्रत काढून बघा. हळदणकरांच्या चित्रात चेहऱ्यावरची दिव्याची उबदार झाक एवढ्यानंच मरते, आणि त्या चित्राबद्दल विचारायचा प्रश्नच तो आहे: उजेड कुठून येतोय, आणि बोटांमधून तो कसा दिसतोय? (हे चित्र राजा रवि वर्म्यांचं म्हणून सर्रास फिरतं. छापीमागे नाव लिहिताना तपासा.) गायतोंडे मात्र छापू नका. पारदर्शक थर कागदावर सपाट होतात, त्यापेक्षा संगणकाचा चांगला पडदा बरा.

टांगताना छापीचा मध्य मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे १३५ ते १४५ सेंटिमीटरवर ठेवा. मूळ चित्राचा आकार भिंतीवर चिकटपट्टीनं आखून दाखवा. छापी सगळ्या एकाच मापाच्या असल्या की सगळी चित्रं तेवढीच असतात असा समज पक्का होतो.

रागमालेला जास्त वेळ द्या, कारण इथे बघणं आणि ऐकणं एकाच कागदावर भेटतात. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकात दख्खन, राजस्थान आणि पहाडी प्रदेशात राग-रागिण्यांची चित्रं संचांमध्ये काढली गेली. प्रचलित संच ३६ चित्रांचा: सहा राग आणि प्रत्येकाच्या पाच रागिण्या. तोडी म्हणजे वीणा घेतलेली स्त्री आणि भोवती हरणं, भैरवी म्हणजे शिवलिंगाची पूजा, हिंदोल म्हणजे झोपाळा. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय आणि क्लीव्हलँडचं कला संग्रहालय यांच्या संकेतस्थळांवर अशी बरीच पानं मुक्त वापरासाठी, मोठ्या फाइलींसह आहेत. सोबत मापं सेंटिमीटरमध्ये दिलेली असतात. त्या मापाबरहुकूम छापा, मोठं करू नका. वहीच्या पानाएवढं चित्र भिंग घेऊन हातात धरून बघायचंच असतं.

इथला सापळा म्हणजे घाईची जोडणी. चित्रातली तोडी दाखवायची, लगेच आजची मियाँ की तोडी लावायची आणि ‘हरणं ऐकू येतात का?’ असं विचारायचं. मुलं भिडेखातर हो म्हणतात. चित्र काढलं तेव्हा त्या नावाखाली जे गायलं जाई ते आणि आजचा राग यांचे स्वर एकच असतील असं धरून चालता येत नाही. क्रम उलटा ठेवा. आधी चित्र बघून ‘इथे दिवसाची कुठली वेळ आहे, कशावरून?’ विचारा. पुढच्या बैठकीत केसरबाईंची भैरवी ऐकवून तोच प्रश्न विचारा. उत्तरं जुळली नाहीत तर बैठक जास्त रंगते.

प्रश्न आधी लिहून ठेवा, प्रत्येक चित्राला दोन. ‘कसं वाटलं?’ हा त्यांत नको, त्याचं उत्तर ‘छान’ असतं आणि तिथेच गाडी थांबते. मोजता येईल, बोट दाखवता येईल असं विचारा. वारली चित्रात वर कुठली बाजू, खाली कुठली? भजनात टाळ कधी थांबले? चित्र एक मिनिट बघून उलटं करायचं आणि आठवेल ते सांगायचं, हा खेळ पहिल्या दहा मिनिटांना पुरतो. वही कोऱ्या पानांची घ्या. डावीकडे पेन्सिलीनं रेखाटन, उजवीकडे तीन ओळी, गुण नाहीत.

एक बाहेरची फेरी सहाव्या-सातव्या आठवड्यात ठेवा, त्याआधी नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचा संग्रह आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात लघुचित्रं बघता येतात. दालनात उजेड कमी का, हे निघण्याआधीच सांगा: कागदावरचे रंग उजेडानं उडतात. चारच वस्तू ठरवून जा. शाईचं पेन नेऊ नका, पेन्सिल आणि पाठीला पुठ्ठा असलेली वही न्या. मिरजेत कुणाची ओळख निघत असेल तर सतारमेकर गल्लीत आधी विचारून जा. तंबोऱ्याची जवारी (तारेची झणकार) घोडीवर कानसून कशी लावतात हे दहा मिनिटं बघितलं की तारेखालच्या दोऱ्याचं काम वेगळं समजवावं लागत नाही. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. एकाच सहलीत दोन्ही घेताना इथेच गफलत होते. लेण्यात शिरल्यावर तीन-चार मिनिटं नुसतं थांबायचं, डोळे सरावतात. फ्लॅशला बंदी आहे.

गाऊन दाखवायला सांगताना वय लक्षात घ्या. बारा-तेराच्या मुलग्यांचा आवाज फुटत असतो, कालची काळी चार (पेटीवरची गाण्याची पट्टी) आज लागत नाही. अशा मुलाला तालाचं काम द्या, किंवा षड्ज खाली आणून फक्त गुणगुणू द्या. भावंडांसमोर आवाज चिरकला तर ते मूल पुढच्या बैठकीला तोंड उघडत नाही.

एलिमेंटरी, इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा किंवा गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा द्यायच्या असतील तर त्यांचा सराव वेगळ्या दिवशी ठेवा. तिथे वस्तुचित्र ठरल्या वेळात पुरं करायचं असतं, रागाची माहिती पाठ म्हणायची असते. तोच सराव या चाळीस मिनिटांत शिरला की मुलं प्रत्येक चित्रासमोर विचारू लागतात, ‘हे लिहून घ्यायचं का?’